तळघर थंडच होतं, तापत होता तो स्लॅब

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तीन-चार तारखेच्या सुमारास, भरदुपारी सांबऱ्यात उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. गाव साधारण १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवसांत बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. मे महिन्यात मात्र आभाळ मोकळं असतं. दुपारी बारा-साडेबाराला भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही. पडतं ते सगळं छपरावर.

थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या घराची गोष्ट सांगताना सुरुवात इथूनच करावी लागते. त्या घरात थंडावा कसा आणायचा यावर आमच्या घरच्यांत बरीच चर्चा झाली आणि ती सगळी चर्चा सुरू झाली तळघरापासून.

सांबरा हे बेळगावच्या पूर्वेचं, बागलकोट रस्त्यावरचं गाव. बाहेरच्यांना ते विमानतळामुळे माहीत असतं. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश हवाई दलाने इथे धावपट्टी बांधली. आज तिथून प्रवासी विमानं उडतात आणि शेजारी भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंची असल्यामुळे इथला उन्हाळा विजापूर-गुलबर्ग्यासारखा भाजून काढत नाही. एप्रिलमध्ये दुपारचं तापमान सरासरी पस्तीस-छत्तीस अंशांपर्यंत चढतं, पण पहाटे ते विसाच्या आसपास उतरतं. दिवस-रात्रीतला हा पंधरा अंशांचा फरक बेळगाव भागाची खरी श्रीमंती आहे. संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो, एखाद्या दिवशी वळीव येऊन जातो आणि अंगणात बाज टाकून झोपणाऱ्याला पहाटे चादर ओढावी लागते.

मग घरात झोपणाऱ्याला उकडतं ते का?

गावठाणातलं आमचं जुनं घर भेंड्यांचं होतं. भेंडा म्हणजे उन्हात वाळवलेली मातीची मोठी वीट. भिंती हातभर जाड, वर मंगलोरी कौलं, कौलांखाली माळा आणि माळ्यावर शेंगांची पोती, जुनी भांडी, कडब्याच्या पेंढ्या. सोप्यातून माजघरात पाऊल टाकलं की भर एप्रिलमध्येही पावलांना गारवा जाणवायचा. ते घर वाटणीत गेलं, पुढे पडलं. दादांनी गावाबाहेर उताराच्या प्लॉटवर नवं घर बांधलं. दर्शनी बाजू रस्त्याच्या पातळीवर, मागची बाजू शेताकडे उतरलेली. म्हणून स्वयंपाकघराच्या खाली एक खोली आपसूक मिळाली. तिच्या तीन बाजू मातीत आहेत, चौथी पश्चिमेकडे उघडी. घरातले सगळे तिला तळघरच म्हणतात. भाताची पोती, रताळी, बियाण्याचे बटाटे, पाण्याच्या मोटारीचं सामान, सगळं तिथे. वरच्या तीन खोल्यांवर मात्र सपाट सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर जुना झालेला, दोन ठिकाणी गळणारा कोबा.

दादांचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. मुलांना घेऊन तो सुट्टीत आला तेव्हा वरच्या खोल्यांत दुपारी थांबणं मुश्कील झालं होतं. त्याने अगदी मनापासून एक उपाय सुचवला. तळघराच्या भिंतींना आणि जमिनीला इन्सुलेशन करून घ्यावं, म्हणजे वरचं घर थंड राहील. तिकडे त्याने स्वतःच्या घरात हेच केलं होतं आणि त्याचं वीज-गॅसचं बिल उतरलं होतं. बोलणं अनुभवाचं होतं. त्याच्याजवळ फोमच्या शीटचे फोटो होते, हिशेब होता.

पण अमेरिकेतलं तळघर मुळात का असतं, ते आधी पाहायला हवं. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. गोठलेली माती फुगते आणि वरचा पाया उचलते. त्यामुळे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. न्यू जर्सीत तो अडीच-तीन फूट, मिनेसोटात साडेतीन ते पाच फूट. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून पूर्ण खोली काढावी, या विचारातून तिथल्या उत्तरेकडच्या राज्यांत घरोघरी बेसमेंट आलं. आता तिथल्या मराठी घरांत त्या बेसमेंटमध्ये कॅरम, पाहुण्यांचे बिछाने आणि गणपतीचा सजवलेला मखर असतो. न्यू जर्सीतली खोल माती वर्षभर बारा-तेरा अंशांच्या आसपास असते आणि घरात माणसाला हवे असतात वीस-एकवीस. म्हणजे हिवाळाभर घरातली ऊब जमिनीत झिरपत राहते. ती अडवण्यासाठी भिंतीला फोम लावतात. हे इन्सुलेशन थंडीविरुद्धचं आहे. उन्हाळ्यात तिथलं बेसमेंट कुणी काही न करता गारच असतं. तेव्हा तिथली अडचण असते ओलीची, म्हणून हवेतलं पाणी शोषणारं यंत्र लावून ठेवतात.

सांबऱ्याच्या मातीचा हिशेब वेगळा आहे. जमिनीत दहा-बारा फूट खाली गेलं की ऋतूंचा चढउतार जवळजवळ संपतो आणि मातीचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास स्थिरावतं. बेळगावची ही सरासरी चोवीस अंशांच्या जवळपास आहे. चोवीस-पंचवीस अंश! माणसाला उन्हाळ्यात हवं असतं तेच हे तापमान. ज्या गारव्यासाठी लोक एसीचं बटण दाबतात तो इथे पायाखाली फुकट आहे. अशा जमिनीत आणि घरात फोमचा पडदा घालणं म्हणजे गारव्याची वाट स्वतःच्या हाताने बंद करणं.

हे सगळं पुस्तकातून सांगण्याआधीच घरातल्या पोरांनी शोधून काढलं होतं. दुपारी मुलं दिसेनाशी झाली की ती खाली पोत्यांच्या खोलीत सापडायची. शहाबादी फरशीवर उघड्या पाठीने आडवी पडलेली. तिसऱ्या-चौथ्या दुपारी त्यांचा बापही तिथेच चटई टाकून झोपला. उठल्यावर त्याने फोमचा विषय स्वतःच मागे घेतला.

गवंडीमामांनीही एका वाक्यात निकाल दिला होता. "खाली कशाला घालूलासा? भुई गारच हाय की. वरनं तापूलंय, ते बघा." चाळीसेक वर्षं हातात थापी धरलेल्या माणसाचं ते निदान होतं, आणि विज्ञानाला ते तंतोतंत पटणारं आहे.

तळघराची आपल्याकडची खरी चिंता उन्हाची नसून पाण्याची आहे. दादांच्या प्लॉटवर वरचा थर काळ्या मातीचा लागला. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला रेटते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुलैत जमीन तुडुंब झाली की मातीतल्या भिंतीतून ओल आत येते. त्यातच पावसाळी हवा दमट. ती गार भिंतीला टेकली की आणखी दमट होते आणि भिंतीच्या कडेला बुरशी धरते. ज्यांनी बेळगाव-खानापूर भागात पावसाळ्यात तळघरातलं पोतं उचललं आहे त्यांना तो वास माहीत आहे. त्यामुळे आपल्याकडे तळघर करायचं तर पहिला खर्च पाणी बाहेर काढण्यावर हवा.

जमिनीचा गारवा आणि जमिनीतली ओल ही जोडी आपल्या पूर्वजांनी नीट ओळखली होती. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावी, हळदीची पेवं आहेत. तोंड एक माणूस उतरेल एवढंच आणि आत मातीतच कोरलेलं मोठं पोट. हळद भरून तोंड बंद केलं की आत बाहेरची हवा जात नाही, उष्णता जात नाही, आणि हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकते. आतली हवा इतकी निर्जीव होते की पेव उघडल्यावर बराच वेळ तसंच मोकळं ठेवल्याशिवाय कुणी आत उतरत नाही, उतरलं तर जिवावर बेततं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीच्या व्यापारामागे या पेवांचा मोठा हात आहे. हे जमलं ते हरिपूरच्या मातीमुळे. तिच्यात पाणी झिरपून राहत नाही. आणि पाणी आलं की काय होतं तेही हरिपूरनेच पाहिलं. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. थंड जमीन पाण्यापुढे टिकत नाही, याचं यापेक्षा ठळक उदाहरण आपल्या भागात नसेल.

दुसरं उदाहरण पुणे-बंगळूर महामार्गालगत, साताऱ्याजवळ आहे. लिंब गावची बारा मोटेची विहीर. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे, नक्षीचे खांब, बसायला जागा, खाली पाणी. वर माळावर ऊन रणरणत असताना त्या महालात उतरलं की अंगावर गार हवा येते. तिथे पाण्याशी झगडा नाही. पाणी आहे हे गृहीत धरूनच दगडात सगळं बांधलं आहे, म्हणून तीनशे वर्षं ते उभं आहे. निपाणी-बेळगावहून पुण्याला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ही विहीर जरूर बघावी. उष्णतेवर मराठी मुलखाने शोधलेल्या उत्तरांपैकी एवढं देखणं उत्तर क्वचितच सापडेल.

दादांच्या तळघरासाठी म्हणून आधी पाण्याची वाट काढली. चढाच्या बाजूच्या भिंतीलगत बाहेरून चर खणला, तळाशी भोकं पाडलेला पाइप टाकला, वर खडी भरली आणि पाइपाचं तोंड खालच्या शेताकडे सोडलं. जमीन तशीच ठेवली, मातीत शहाबादी फरशी. तीन मातीतल्या भिंतींना आतून काहीही लावलं नाही. फक्त चौथी, पश्चिमेची उघडी भिंत दुपारी तीननंतर सूर्यास्तापर्यंत ऊन खाते. तिला बाहेरून दोन इंची कठीण फोमची शीट लावून पुढे चार इंची विटेची भिंत उभी केली. तळघराच्या इन्सुलेशनचं काम एवढंच. पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर ठेवायची. उन्हाळ्यात झरोके दिवसा बंद, रात्री उघडे. पावसाळ्यात झरोके उघडले तर दमट हवाच आत येते, म्हणून कोरडा दिवस बघूनच उघडायचे. वहिनींनी हा नेम काटेकोर पाळला आणि बियाण्याचे बटाटे चांगले राहिले.

आता मुख्य गोष्ट, छप्पर.

बेळगाव जिल्ह्याएवढी छपरांची शाळा दुसरीकडे क्वचितच मिळेल. पश्चिमेला मलप्रभेचा उगम आहे त्या कणकुंबीत पावसाचं थैमान असतं आणि पूर्वेला अथणीत कणकुंबीच्या तुलनेत पाऊस नावापुरता. एकाच जिल्ह्यात पावसात अनेक पटींचा फरक. म्हणून खानापूर भागात उतरती कौलं आणि अथणी-विजापूरकडे सपाट मातीचं माळवद. माळवदात लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ती माती पाणी सहजी आत घेत नाही आणि तिच्यातून ऊन खाली पोचायला दिवस लागतो. तोवर रात्र होते आणि वरची माती आभाळाला उष्णता परत देऊन टाकते. कौलारू घराची तऱ्हा निराळी. कौल लवकर तापतं, पण कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि खालचा माळा उष्णता अडवतो. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६० च्या दशकात जर्मन मिशनरी जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला काढला आणि पुढच्या काळात ही कौलं कोकण, गोवा, बेळगाव सगळीकडे पसरली. सांबरा या दोन टोकांच्या मधोमध. इथे कौलंही दिसतात, पत्रेही, आणि गेल्या काही दशकांत सगळ्यांवर मात करून आलेला स्लॅब.

स्लॅबने गळती थांबवली, माकडांचा त्रास संपवला, वरचा मजला चढवायची सोय दिली. शेतकऱ्याच्या घरात त्याला धान्य वाळवायला हक्काची जागाही मिळाली. स्लॅबवर राग धरायचं कारण नाही. पण उष्णतेच्या बाबतीत तो दुबळा आहे. सिमेंट-लोखंडाचा स्लॅब उष्णता विटेपेक्षा आणि मातीपेक्षा दुपटीने सहज आरपार जाऊ देतो. पाच-सहा इंचांचा थर दिवसभर ऊन पितो आणि वरची उष्णता खालच्या अंगाला येईपर्यंत काही तास जातात. त्यामुळे घर सर्वांत जास्त तापतं ते भरदुपारी नव्हे, संध्याकाळी. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगण निवलेलं असतं, आणि आत पंखा डोक्यावरची गरम हवा खाली ढकलत असतो. रात्री साडेनऊला दादांच्या खोलीत हात वर करून छताला लावला तर चटका नाही पण ऊब स्पष्ट जाणवायची.

आकड्यांत सांगायचं तर कोल्ड स्टोअरेजला वापरतात ती कठीण फोमची शीट, बाजारात जिला एक्सपीएस म्हणतात, तिचा एक इंचाचा थर जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला साधारण चार फूट जाड काँक्रीट लागेल. दोन इंच शीट घातली तर सहा इंची स्लॅबमधून खाली येणारी उष्णता सुमारे सहाव्या हिश्शावर येते. हे गणित कागदावरचं आहे, बाहेरचं आणि आतलं तापमान स्थिर धरून केलेलं. प्रत्यक्षात वारा, ढग, रात्र सगळं मधे येतं. पण दिशा दाखवायला ते पुरेसं आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. छपरातून किती उष्णता आत यावी याची कमाल मर्यादा तिच्यात ठरवून दिली आहे: दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकामागे १.२ वॅट. नुसता स्लॅब तीनच्या पुढे जातो. दोन इंच शीट घातलेला स्लॅब अर्ध्या वॅटच्या जवळपास येतो. म्हणजे संहिता मागते त्याच्या दुपटीने चांगला.

शीट आतून, छताच्या खाली लावायची की बाहेरून, गच्चीवर? दुकानदार आतून लावायला सांगत होता, पीओपीच्या छतामागे. ते काम लवकर होतं, दिसतंही छान. पण मग स्लॅब उन्हात तापतच राहतो, रोज फुगतो, आकसतो, भेगा वाढतात आणि गळती वाढते. बाहेरून घातली तर स्लॅबच गार राहतो, आणि गार स्लॅब घरातली ऊब शोषून घेतो. जुना कोबा गळत होता, तो फोडायचाच होता. म्हणून बाहेरूनच घालायचं ठरलं.

मार्चमध्ये काम काढलं. कोबा फोडून स्लॅब स्वच्छ झाडला, भेगा भरल्या, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. पाणी भरून ठेवून खालून कुठे ओल दिसते का हे तपासलं. मग शीट. इथे गवंडीमामांना पहिल्यांदा शंका आली. एवढ्या हलक्या वस्तूवर कोबा टिकेल का, माणसं चालतील का? शंका रास्त होती. टीव्हीच्या खोक्यात येणारा साधा थर्माकोल घातला असता तर तो दबला असता आणि पाणीही प्यायला असता. ही शीट दाट असते, पाणी घेत नाही, आणि भार पसरवून घेतला तर माणसांचा, धान्याच्या राशीचा भार सोसते. मामांनी एक तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर सिमेंटचं पोतं टाकलं, पोत्यावर स्वतः उभे राहिले आणि मग काम हातात घेतलं. शीटचे सांधे एका रेषेत येऊ दिले नाहीत, विटांसारखे मागेपुढे घेतले आणि वर चिकटपट्टी मारली. सांधा उघडा राहिला की उष्णता तिथूनच वाट काढते. त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर पाण्याच्या उताराचा कोबा, आणि शेवटी पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना चिप्स. पांढरा रंग मुद्दाम. काळपट सिमेंट उन्हाचा मोठा भाग पोटात घेतं, पांढरा पृष्ठभाग बहुतेक ऊन परत आभाळात फेकतो.

एक गोष्ट मामांनी त्यांच्या मनाने केली आणि ती फार मोलाची ठरली. कठड्याच्या कडेला शीट थोडी वर वळवून घेतली. स्लॅबची कड आणि कठड्याचा पाया हा तापण्याचा चोरदरवाजा असतो. बऱ्याच कामांत तो राहून जातो.

पुढच्या उन्हाळ्यात फरक पहिल्यांदा बोलून दाखवला तो वहिनींनी. स्वयंपाकघरात संध्याकाळच्या भाकऱ्या करताना डोक्यावरून येणारी झळ नाहीशी झाली होती. चुलीची ऊब ती चुलीचीच राहिली. रात्री छताला हात लावला तर ते भिंतीएवढंच लागायचं. पंखा पूर्वी पाचावर असायचा, तो तीनावर आला. दादा पूर्वी एप्रिल-मेमध्ये रोज अंगणात बाज टाकायचे, आता आवडीने टाकतात, गरजेने नाही. एसीचा विचार निघाला होता, तो मागे पडला.

सगळंच सुटलं असं नाही. पश्चिमेच्या झोपायच्या खोलीची भिंत अजून संध्याकाळी तापते. तिथे पुढे पडवी काढायचा किंवा शेवग्याचं झाड लावायचा बेत आहे. वळीव यायच्या आधी हवा कोंडते, अशा दुपारी घामाला कोणतंच इन्सुलेशन उपयोगी पडत नाही. आणि एक सवय मात्र नव्याने लावून घ्यावी लागली. छप्पर उष्णता आत येऊ देत नाही तसं बाहेरही जाऊ देत नाही. माणसांची, चुलीची, फ्रिजची ऊब घरात साठते. म्हणून सूर्य बुडाला की खिडक्या उघडायच्या, रात्रभर पश्चिमेचा वारा आत खेळू द्यायचा, सकाळी नऊ-दहाला पुन्हा लावून घ्यायच्या. डासांसाठी जाळ्या बसवल्या. दिवस-रात्रीतला पंधरा अंशांचा फरक असा वापरला तरच कामाला येतो. गोव्याच्या किनाऱ्यावर रात्रही दमट आणि उबदार असते, तिथे हा उपाय एवढा साधत नाही. सांबऱ्याला मात्र ही देणगी आहे.

ज्यांच्याकडे एवढा पैसा नाही त्यांचं काय, हा प्रश्न गावात राहून टाळता येत नाही. दादांच्या शेजारच्या काकींचं घर पत्र्याचं. पत्रा पातळ, त्यामुळे ऊन पडलं की तेवढ्या क्षणी आत भट्टी. त्यांच्या घरी दरवर्षी पत्र्यावर उसाचा पाला पसरतात. गारवा मिळतो, पण वाळलेल्या पाल्याला ठिणगी लागली तर घर जाईल, आणि खाली चूल पेटलेली असते. त्यांच्या पत्र्याला चुन्याचे दोन हात देऊन पाहिले. चुन्यात थोडा डिंक घातला की तो पत्र्याला धरून राहतो. खर्च नगण्य, काम एका सकाळचं, आणि दुपारी पत्र्याखाली बसता येऊ लागलं. पावसात चुना धुऊन जातो, दर मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो, पण पाल्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत माणसं दगावल्यावर शहराने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याची मोहीम घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री अशा गावांत पत्र्याच्या शाळाखोल्या, अंगणवाड्या आहेत. मुलं मार्च-एप्रिलमध्ये तिथे बसून परीक्षा देतात. ग्रामपंचायतींनी उन्हाळ्याआधी त्या छपरांवर चुना मारून घेतला तर त्यासाठी कोणत्या योजनेची वाट बघावी लागणार नाही.

आणि ज्यांच्या घरावर यंदा स्लॅब पडणार आहे त्यांना एक विनंती. तळघर काढायचं असेल तर आधी पाण्याची वाट काढा आणि जमिनीला मोकळं राहू द्या. इन्सुलेशनचे पैसे छपरासाठी राखून ठेवा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि कोबा घालण्याआधी कठीण फोमची शीट अंथरायला गवंड्याला सांगा, कडा वळवायला लावा, वरचा थर पांढरा ठेवा. हे काम त्या वेळी दोन दिवसांचं असतं. नंतर करायचं म्हटलं तर धड असलेला कोबा फोडावा लागतो.